फिगो डिझेलचा टायमिंग बेल्ट: तीन भाव, तीन मिस्त्री

सेलूच्या एका शिक्षिका ताईंचा प्रश्न आहे. त्यांनी २०१३ सालची फोर्ड फिगो डिझेल सेकंड हँड घेतली. मीटरवर ८६ हजार किलोमीटर, पण आधीच्या मालकाकडे सर्व्हिसचं एकही बिल नाही. टायमिंग बेल्टची चौकशी केली तेव्हा तीन भाव हाती आले. मोठ्या शहरातल्या एका वर्कशॉपने २१ हजार सांगितले, परभणीतल्या एका गॅरेजने साडेपाच हजार, आणि गावातले मिस्त्री म्हणाले, ‘बेल्ट तुम्ही आणा, मजुरी बाराशे द्या.’ यातला कोणता भाव खरा, कमी पैशात भरवशाचा माणूस कसा शोधायचा, आणि तोवर गाडी संभाजीनगरला न्यावी का, असं त्या विचारतात.

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नेऊ नका. शाळा, बाजार, एवढंच, तेही नाइलाज असेल तर. टायमिंग बेल्ट रबराचा असतो, आत काचेच्या धाग्यांची वीण असते. किलोमीटरने तो झिजतो आणि नुसत्या वर्षांनीही कडक होतो, तडकतो. त्यात आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ला टेकतो, गाडी शाळेच्या मैदानात उन्हात उभी, बॉनेटखालची धग तर विचारूच नका. म्हणून कंपनीच्या पुस्तकात किलोमीटर आणि वर्षं असे दोन्ही आकडे असतात, जो आधी भरेल तो धरायचा. तुमचं मीटर खरं की मागे फिरवलेलं, या वादात पडायचं कारणच नाही, वर्षांच्या हिशेबानेच या बेल्टची मुदत संपलेली आहे. आधीच्या मालकाने बदललाही असेल. पण बिल नाही म्हणजे बदललेला नाही, असंच धरून चालायचं.

हा बेल्ट खालचा क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा) आणि वरचा कॅम (व्हॉल्व्ह म्हणजे झडपा उघडणारा दांडा) एका लयीत ठेवतो. डिझेल इंजिनात पिस्टन पूर्ण वर आला की उघड्या व्हॉल्व्हसाठी जागाच उरत नाही. बेल्ट तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, क्रँक मात्र गाडीच्या वेगाने फिरतच राहतो आणि पिस्टन जाऊन व्हॉल्व्हला धडकतो. मग हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवायचं, व्हॉल्व्ह बदलायचे, कधी पिस्टनही. ते बिल तुमच्या २१ हजारांच्या कितीतरी पुढे जातं, आणि एवढ्या जुन्या गाडीला तेवढा खर्च नको म्हणून लोक ती भंगारात देतात. समृद्धीवर १२०च्या वेगात तुटला तर इंजिन बंद, स्टिअरिंग जड, ब्रेक दगडासारखा, आणि मागून ट्रक. तुटण्याआधी तो बहुतेक वेळा काही बोलतही नाही. ‘आवाज आला की बघू’ म्हणणाऱ्याकडे हे काम द्यायचं नाही, एवढं इथेच ठरवून टाका.

आता तुमचे तीन भाव. २१ हजारांत लबाडी आहे असं मला वाटत नाही. त्यात बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), आयडलर (बेल्टला वळण देणारी पुली), कूलंट फिरवणारा वॉटर पंप, कूलंट, नवा क्रँक बोल्ट आणि मोठ्या वर्कशॉपची तासाच्या दराने मजुरी असणार. एस्टिमेट लेखी मागा, ओळीओळीने. त्यात ‘इंजेक्टर क्लीनिंग’, ‘इंजिन फ्लश’, ‘एसी डिसइन्फेक्शन’ असलं काही घुसवलेलं असेल तर ते काढायला सांगा, आकडा लगेच खाली येतो. साडेपाच हजारवाल्याने तुम्हाला फसवलं असंही नाही. तो फक्त बेल्ट बदलणार आहे आणि फार तर टेन्शनर, हे त्याच्या आकड्यातच लिहिलेलं आहे. चांगल्या कंपनीचं पूर्ण किट, वॉटर पंप आणि कूलंट त्या पैशात बसतच नाही. माझ्या हिशेबाने तुमच्या गाडीचं काम व्यवस्थित करणाऱ्या बाहेरच्या गॅरेजमध्ये बारा ते पंधरा हजारांच्या आसपास व्हावं. ब्रँड आणि गाव बदललं की हजार-दोन हजार इकडे-तिकडे.

वॉटर पंपावर एवढा जोर का, तर तुमच्या इंजिनात तो पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो. नवा बेल्ट टाकला आणि जुना पंप सहा महिन्यांनी गळायला लागला, की तीच सगळी खोलाखोल पुन्हा. मजुरी दुसऱ्यांदा, आणि कूलंट लागलेला बेल्टही टाकून द्यावा लागतो. पंप जाम झाला तर नव्या बेल्टलाही तोडतो. पण हे इंजिनागणिक बदलतं. जुन्या इनोव्हाच्या २.५ लिटर डिझेलला पंप बाहेरच्या बेल्टवर असतो. तिथे कुणी ‘टायमिंग बेल्टसोबत पंप बदलावाच लागतो’ म्हणाला, तर तो एक तर अंदाजाने बोलतोय किंवा बिल फुगवतोय. सगळ्यांनाच एक नियम सांगणाऱ्या मिस्त्रीपासून जरा लांब राहा.

गावातल्या मिस्त्रींबद्दल जपून बोलतो, कारण असे लोक नसते तर मराठवाड्यातली शेती उभी राहिली असती का, शंका आहे. ऊसतोडीच्या हंगामात रात्री दोनला ट्रॅक्टर रस्त्यात बसला तरी हा माणूस पाना-पक्कड घेऊन येतो. डिझेल पंप, नोझल, हाफ इंजिन, सगळं डोळे मिटून. पण ट्रॅक्टरला टायमिंग गिअर असतात, बेल्ट नसतो. एसटीच्या बसलाही गिअरच. म्हणून चिकलठाण्याच्या एसटी वर्कशॉपमधून रिटायर झालेला अस्सल फिटर असला, तरी त्याने आयुष्यात टायमिंग बेल्ट बसवलेला नसेल, आणि त्यात त्याचं काहीच कमी नाही. त्याच्या कामात तो राजा आहे. तुमचं काम वेगळं आहे.

माझं सांगणं एवढंच, की गॅरेज नका शोधू, इंजिन शोधा. परभणीत चांगला मिस्त्री कोण, असं विचारलं तर दहा नावं येतील आणि दहाही खरी असतील. फोर्डचं १.४ डिझेल कोण खोलतं, असं विचारलं की नावं दोन-तीनच उरतात, आणि त्यातलाच एक तुमचा माणूस.

हे विचारायचं कुठे? सगळ्यात उत्तम जागा म्हणजे स्पेअर पार्टच्या दुकानाचं काउंटर. परभणीत, जालन्यात, नाहीतर संभाजीनगरला मोंढा नाक्याच्या बाजूला जाल तेव्हा कारचे पार्ट विकणाऱ्या जुन्या दुकानात दुपारी गर्दी नसताना जा. ‘चांगला मिस्त्री सांगा’ म्हणू नका, तो आपल्या गिऱ्हाइकाचं किंवा मेहुण्याचं नाव सांगेल. असं विचारा: ‘फिगो डिझेलचं टायमिंग किट तुमच्याकडून कोण कोण नेतं? पूर्ण किट नेतं की नुसता बेल्ट?’ काउंटरवरच्या माणसाला सगळं माहीत असतं. कोण दरवेळी टेन्शनर आणि पंपासकट किट उचलतो, कोण फक्त बेल्ट नेतो, कोण नेलेला पार्ट चार दिवसांनी ‘बसला नाही’ म्हणून परत आणतो, कुणाची उधारी थकलेली आहे. पूर्ण किट नेणाऱ्याचं नाव दोन दुकानांत आलं, की निम्मं काम झालं.

दुसरी जागा म्हणजे ज्यांचं पोट गाडीवर आहे ते लोक. ट्रॅव्हल्सवाले, भाड्याने इनोव्हा चालवणारे, शाळेच्या व्हॅनवाले. गाडी दोन दिवस उभी राहिली तर त्यांचं नुकसान होतं, म्हणून ते वशिल्याने नाही, अनुभवाने मिस्त्री निवडतात. फक्त त्यांची गाडी कोणती ते बघा. इंडिकाच्या जमान्यात आपल्या भागातल्या पुष्कळ मिस्त्र्यांचा हात टायमिंग बेल्टवर बसला, टाटाच्या त्या १.४ डिझेलला बेल्टच होता. ती मंडळी बेल्टला घाबरत नाहीत ही जमेची बाजू. पण इंडिका साधी होती. तुमच्या फिगोत बेल्ट कॉमन रेलचा हाय प्रेशर पंपही (डिझेल जोराच्या दाबाने इंजेक्टरकडे ढकलणारा) फिरवतो, आणि बेल्ट बदलताना क्रँक-कॅम जागचे हलू नयेत म्हणून पिना घालून टायमिंग धरावं लागतं. इंडिकावर शिकलेला माणूस फोर्डवर आला असेल तर उत्तम. तिथेच थांबला असेल तर नको.

तिसरी जागा तुमच्या गाडीपुरती खास आहे. फोर्डने २०२१मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. डीलरशिप आवरल्या तशी तिथली पोरंही बाहेर पडली. कुणी दुसऱ्या कंपनीत गेला, कुणी स्वतःचं शेड टाकलं. शेवरलेटचंही २०१७नंतर तसंच झालं होतं. कंपनीत त्याच इंजिनावर हात बसलेला, ट्रेनिंग घेतलेला, आता स्वतःच्या गॅरेजचं भाडं भरणारा माणूस तुम्हाला मिळाला, तर तेच काम निम्म्या मजुरीत होतं. बहुतेक गावांत फोर्डवाल्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत, तिथे या लोकांचे नंबर फिरत असतात. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक ट्रेडच्या सरांनाही विचारता येईल, तुम्ही शिक्षिका आहात, तुमच्या ओळखीत कुणी ना कुणी निघेलच. कोणता विद्यार्थी हाताने नेटका होता आणि आता कुठे आहे, हे सरांना पक्कं ठाऊक असतं. इंटरनेटवरच्या ताऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. पंक्चर चांगलं काढलं म्हणून पाच तारे मिळालेले असतात.

नाव मिळालं की गाडी न्यायच्या आधी नुसतं बोलायला जा. एक प्रश्न सहज टाका: ‘माझ्या भावाची स्विफ्ट डिझेल आहे, तिचा टायमिंग बेल्ट बदलायला किती घ्याल?’ जो भाव सांगेल त्याला नमस्कार करून निघा. स्विफ्टच्या १.३ डिझेलला बेल्ट नाही, चेन आहे. जाणकार हसेल आणि म्हणेल, ‘ताई, तिला चेन असते.’ हीच परीक्षा नव्या इनोव्हा क्रिस्टाच्या २.४ डिझेलवर घेता येते, तिलाही चेनच. काही जण तर बाहेरचा डायनामोचा बेल्ट बदलून टायमिंग बेल्टचे पैसे घेतात, त्यांचाही निकाल इथेच लागतो.

मग आपल्या गाडीवर या. ‘बेल्टसोबत काय काय बदलाल?’ टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप ही नावं न विचारता त्याच्या तोंडून यायला हवीत. क्रँक किंवा कॅमच्या सीलला तेलाची ओल दिसली तर तेही बदलू, असं म्हणाला तर माणूस कामाचा. पुढचा प्रश्न, ‘टायमिंग कसं धरता?’ इथे नीट कान द्या. पिन लावतो, लॉकिंग टूल आहे, असं म्हणाला तर ते बघायला मागा. प्लॅस्टिकच्या डबीत पोलादी पिना असतात, वापरून वापरून टोकं चकचकीत झालेल्या. डबी कोरी करकरीत असेल तर अजून एकदा विचार करा. ‘आपण व्हाइटनरने खुणा करतो, काही होत नाही’ म्हणाला, तर जुन्या साध्या पेट्रोल गाडीला ते खपून जातं. तुमच्या गाडीला नको. खूण जुन्या बेल्टवरून नव्यावर उतरवताना एक दात सरकला, की गाडी चालू होते पण पिकअप जातं, धूर करते, आणि मग बिचारे इंजेक्टर बदनाम होतात.

शेडकडेही नजर टाका. गॅरेज काळंच असतं, तेवढ्यावर जाऊ नका. बघायचं ते असं की उघडलेल्या इंजिनावर फडकं झाकलंय का, काढलेले बोल्ट ट्रेमध्ये ओळीने आहेत की मातीत, टॉर्क रेंच, म्हणजे मोजून ठरलेल्या जोराने बोल्ट आवळायचा पाना, भिंतीला टांगलाय का. आपल्याकडे धुळीचं काय सांगायचं, काळ्या मातीची बारीक धूळ दुपारच्या वाऱ्याने सगळीकडे जाते. उघड्या रस्त्याच्या कडेला टायमिंग कव्हर काढून ठेवणारा मिस्त्री हुशार असला तरी ती जागा चुकीची आहे.

पार्ट कोणी आणायचे, यावर माझं मत जरा वेगळं आहे. लोक सांगतात पार्ट स्वतः घ्या, मिस्त्री कमिशन खातो. खातो, खरं आहे. दुकानदार त्याला सूट देतो, तुम्हाला एमआरपी लावली जाते, मधला पैसा त्याचा. पण त्या पैशात त्याची जबाबदारीही आलेली असते. बेल्ट तुम्ही आणला आणि सहा महिन्यांनी टेन्शनर वाजायला लागला, तर तो म्हणणार पार्ट तुमचा, तुम्ही म्हणणार काम तुझं, आणि मधल्या मध्ये गाडी उभी. टायमिंगच्या कामाला पार्ट त्यालाच आणू द्या. फक्त तीन अटी घाला. किट बंद डब्यात यायला हवं आणि डबा तुमच्यासमोर फुटायला हवा. ब्रँड आधी ठरायला हवा: गेट्स, कॉन्टिनेंटल, डेको, एसकेएफ, आयएनए यातलं कोणतंही चालेल, किंवा फोर्डचा ओरिजिनल. आणि दुकानाचं बिल तुम्हाला मिळायला हवं, गाडीच्या नंबरासकट. सेलूत किट मिळालं नाही तर दुकानदार एसटी पार्सलने मागवून देतो, एक-दोन दिवसांनी काही बिघडत नाही.

डबा फुटला की हातात घेऊन बघा. अस्सल बेल्टवर नंबर आणि ब्रँडची छपाई स्वच्छ असते, अंगठ्याने घासून पुसली जात नाही. कडा सरळ कापलेल्या असतात, धागे बाहेर आलेले नसतात. टेन्शनरच्या बेअरिंगवर कंपनीचं नाव कोरलेलं असतं. टेन्शनर बोटावर फिरवा, खरखर लागता कामा नये. बेल्टचं वेटोळं सैल हवं. जो मिस्त्री नवा टायमिंग बेल्ट दुमडून खिशात घालतो किंवा उलटा वळवून दाखवतो, तो आतले धागे मोडतोय. आतून पिचलेला बेल्ट बाहेरून नव्यासारखाच दिसतो.

ज्याच्याविषयी अजून खात्री वाटत नाही, त्याला आधी छोटं काम द्या. ऑइल-फिल्टर किंवा पुढचे ब्रेक पॅड. सांगितलेल्या वेळी गाडी दिली का, जुना पार्ट न मागता दाखवला का, चार बोल्ट काढले ते चारही बसवले का, एवढं बघितलं की अंदाज येतो. पाचशे रुपयांच्या कामात जो कंटाळा करतो तो टायमिंगच्या कामात कष्ट घेणार नाही.

कामाच्या दिवशी शक्य असेल तर सकाळी गाडी थंड असताना द्या आणि अर्धा दिवस मोकळा ठेवा. डोक्यावर उभं राहून सूचना देऊ नका, त्याचा हात अवघडतो. दोन वेळा मात्र समोर हजर राहा. पहिली वेळ जुना बेल्ट उघडा पडतो तेव्हाची. उजवं पुढचं चाक काढलेलं असतं, इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक लावलेला असतो, उजव्या बाजूचं माउंटिंग आणि काळी कव्हरं बाजूला असतात. बेल्ट हातात आला की उलटा करून दातांच्या मुळाशी बघा. तिथे केसाएवढ्या भेगा, कडेला सुटलेले धागे, पाठीवर काचेसारखी चकाकी, किंवा तेलाने फुगलेलं रबर, यातलं काहीही दिसलं तरी तुम्ही वेळेत आलात. पाठीवरचा ब्रँड आणि नंबर वाचा, फोटो काढा. फोर्डचा छाप असेल तर हा बेल्ट बहुधा कंपनीतूनच आलेला आहे, म्हणजे आधीच्या मालकाने कधी बदललाच नव्हता. बेल्टच्या खोबणीत गवत, कापसाचा पुंजका किंवा उंदराच्या लेंड्या सापडल्या तर खालचं कव्हर सैल किंवा फुटलेलं आहे. तेही बदलून घ्या, उंदराला आणि खड्याला बेल्ट रबराचा आहे एवढं पुरतं.

दुसरी वेळ सगळ्यात महत्त्वाची. नवा बेल्ट बसला, टेन्शनर त्याच्या खुणेवर आला, पिना निघाल्या. आता स्टार्टर मारायच्या आधी मिस्त्रीने क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने सरळ दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवायला हवं, हळूहळू. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक. मग पिना पुन्हा घालून बघायच्या. अलगद आत गेल्या तर टायमिंग बरोबर. अडल्या तर बेल्ट काढायचा आणि पहिल्यापासून. फिरवताना मधेच पाना कडक लागला तर तिथेच थांबायचं, जोर लावायचा नाही, कारण तो अडथळा म्हणजे व्हॉल्व्ह असू शकतो. हाताने फिरवताना लक्षात आलं तर दुरुस्त होतं, तेच स्टार्टरने झालं तर हेड उतरवायचं काम. याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. जो हे न सांगता करतो त्याच्याकडे मी माझी स्वतःची गाडी देईन. ‘अहो, काही गरज नाही, मारा सेल्फ’ म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा, वाईटपणा आला तरी चालेल. क्रँकचा बोल्ट नवा घालून टॉर्क रेंचने आवळलेला हवा. एअर गनने धडधड आवळून काम आटोपणारे पुष्कळ भेटतील.

बिलाचं थोडक्यात. गाडीचा नंबर, त्या दिवशीचं मीटर, पार्टचे नंबर आणि मजुरी वेगळी, एवढं लिहून घ्या. सप्टेंबर २०२५पासून गाड्यांच्या पार्टवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, मजुरीवरही १८च, पण ज्या छोट्या गॅरेजची जीएसटी नोंदणी नाही त्याला तो कर घेताच येत नाही. साधं छापील बिल दिलं तरी ते बिलच आहे, सही असू द्या. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, आणि पुढे परभणीचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते, गॅरेजच्या गावाला खेटे घालायची गरज नाही. चांगल्या मिस्त्रीशी मात्र ही भाषा आधीपासून बोलू नका, त्याचं मन उडतं.

मजुरीत फार घासाघीस करू नका, हेही सांगून ठेवतो. हे काम उकरून, वाकून, कोपऱ्यात हात घालून करायचं आहे, इंजिन आणि बॉडीच्या मधे चार बोटं जागा असते. पाचशे रुपये कमी केले तर तो बहुतेक वेळा पाचशे रुपयांचं काम कमी करतो, आणि कोणतं कमी केलं ते तुम्हाला कळत नाही. पैसे वाचवायचे असतील तर बेल्ट बदलताना बाहेरचा डायनामोचा बेल्टही त्याच मजुरीत बदलून घ्या, तो तसाही काढावाच लागतो. कूलंट बदलायचंच आहे तर रेडिएटरचे होस दाबून बघा, मऊ पडलेला असेल तो आत्ताच टाका.

गाडी हातात आली की पहिल्या दिवशी गावाबाहेर चार-पाच किलोमीटर फिरवा, तापू द्या, परत आणून बॉनेट उघडा. कूलंट भरल्यावर आत हवा राहिलेली असते, ती निघाली की पातळी खाली येते. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर टाकी बघा, कमी असेल तर तेच कूलंट घाला, विहिरीचं पाणी नको. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी किंवा गुणगुण उजव्या बाजूने ऐकू येत असेल तर टेन्शनर जास्त ताणलेला आहे, लगेच परत न्या, ‘बसेल हळूहळू’ यावर जाऊ नका. पिकअप आधीसारखं, धूर नाही, पहिल्या सेल्फमध्ये चालू, एवढं जुळलं की हजार किलोमीटरवर एकदा दाखवून आणा. तारीख आणि मीटरचा आकडा मार्करने स्टिकरवर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवायला मिस्त्रीलाच सांगा, आणि जुना बेल्ट पिशवीत घालून डिकीत ठेवून द्या. उद्या गाडी विकायला काढलीत तर घेणारा पहिला प्रश्न याच बेल्टचा विचारेल.